उतारवयातील रात्रीची धाप आणि धास्ती

म्हातारपणी झोप कमी होते, हे आपण सर्वजण गृहीत धरून चालतो. आणि ते काही अगदीच खोटे नाही. परंतु झोप न येणे ही एक गोष्ट, आणि लागलेली झोप श्वास कोंडून मोडणे ही अगदी निराळी गोष्ट. पहिल्या प्रकारात माणूस कूस बदलतो, उजाडण्याची वाट पाहतो, जुन्या आठवणी उगाळतो. दुसऱ्या प्रकारात तो ताडकन उठून बसतो, तोंड उघडून हवा ओढतो, खिडकीकडे किंवा दाराकडे धाव घेतो. आणि त्या क्षणी त्याच्या मनात एकच विचार असतो, की आता आपले संपले. सकाळी घरच्यांनी विचारले म्हणजे तो म्हणतो, ‘काही नाही, जरा जीव घाबरला होता.’ घरची मंडळीही तेच खरे मानतात. पुढे डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली, की मुलगा किंवा सूनबाई तेच वाक्य सांगते. मग पुष्कळदा सर्वांच्याच संमतीने त्या प्रकरणावर शिक्का बसतो : वय झाले, काळजी फार करतात.

या शिक्क्याविरुद्ध बोलावे, म्हणून मी हा विषय निवडला आहे. मी डॉक्टर नाही. कामगारांच्या तक्रारी लिहून घेणे आणि त्यांचा पाठपुरावा करणे, हा माझा उद्योग. त्या निमित्ताने दवाखान्यांच्या बाकांवर वृद्ध कामगारांच्या शेजारी बसण्यात माझे बरेच दिवस गेले आहेत. तेथे जे प्रश्न पडले, त्यांची उत्तरे ग्रंथांतून आणि जाणत्या वैद्यांकडून शोधली. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु तक्रार नीट कशी मांडावी, हे सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो, आणि या विषयात अर्धे काम तेवढ्यानेच होते.

मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे. रात्रीची धाप आणि रात्रीची धास्ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्या एकमेकींचा हात धरून येतात, म्हणून एकच भासतात. धास्ती दिसते आणि धाप दिसत नाही; म्हणून उपचार होतो तो धास्तीचा, आणि धाप आतल्या आत वाढत राहते. यास्तव दोहोंचा निवाडा वेगवेगळा झाला पाहिजे, आणि त्यात धापेचा निवाडा आधी झाला पाहिजे.

आता रात्रीच असे का होते, हे पाहू. निरोगी प्रौढ मनुष्य स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. ते काम तो जाणूनबुजून करीत नाही. मेंदूच्या बुडाशी असलेले एक केंद्र ते करवून घेते. हे केंद्र प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड या वायूच्या प्रमाणावर नजर ठेवून असते. तो वाढला की श्वास जलद, तो घटला की श्वास मंद, असा हा कारभार चालतो. झोपेत या केंद्राची नजर जराशी सैल पडते. घशाचे आणि छातीचे स्नायू ढिले होतात. माणूस आडवा झाल्यामुळे पोटातील अवयव श्वासपटलाला वर रेटतात. पायांत आणि पोटात साठून राहिलेले रक्त, सुमारे पाव ते अर्धा लिटर, छातीकडे परत येते. तरुण शरीराला यातले काहीच जाणवत नाही. परंतु ज्याचे हृदय दमले आहे, ज्याच्या श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत किंवा ज्याचा घसा सैल पडला आहे, त्याला दिवसा उभ्याने जे निभावून नेता येते ते रात्री आडव्याने निभत नाही. दिवसा लपलेला आजार रात्री उघडा पडतो, तो असा.

हे आपल्या पूर्वजांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तमकश्वासाच्या वर्णनात रोग्याला आडवे झाल्याने पीडा वाढते व उठून बसल्याने बरे वाटते, ही खूण स्पष्ट नोंदली आहे. इंग्लंडातील जॉन फ्लॉयर या वैद्याने १६९८ साली दम्यावर एक ग्रंथ लिहिला. तो स्वतःच दमेकरी होता, आणि रात्री झोपेतून उठवणारा झटका त्याने स्वानुभवाने वर्णिला आहे. म्हणजे दोन दूरच्या देशांतील वैद्यांनी रोग्याला विचारलेले प्रश्न एकच होते : केव्हा होते, आणि कसे बसल्याने बरे वाटते? हे दोन प्रश्न आजही तितकेच मोलाचे आहेत.

घड्याळ आणि शरीराची बैठक, या दोन साक्षीदारांच्या आधारे आपण मुख्य कारणे एकेक करून तपासू.

पहिले कारण हृदयाचे. येथे माणूस बिछान्यावर पडून एखाददुसरा तास झोपतो आणि मग गुदमरून जागा होतो. पाय खाली सोडून बसले किंवा उभे राहिले, की पंधरा मिनिटे ते अर्ध्या तासात हळूहळू उतार पडतो. याचे कारण आताच सांगितले : पायांतले रक्त छातीकडे आले, दमलेल्या हृदयाला ते पुढे ढकलता आले नाही, आणि फुप्फुसांत पाणी झिरपू लागले. अशा माणसाची एक खूण घरात कोणालाही ओळखता येते. त्याच्या उशांची संख्या वाढत जाते. पूर्वी एका उशीवर झोपणारा आता दोन घेतो, मग तीन, आणि शेवटी भिंतीला टेकून बसूनच डुलक्या घेतो. संध्याकाळी घोट्यांवर सूज येते. बोटाने दाबले तर खळगा पडतो आणि तो लगेच भरून येत नाही. रात्री लघवीला वारंवार उठावे लागते. वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले, तर ते अंगावर आलेले मांस नव्हे, ते साठलेले पाणी होय.

दुसरे कारण श्वासनलिकांचे. दम्याचा झटका बहुधा पहाटेच्या सुमारास, तीन ते पाचच्या दरम्यान येतो. त्या वेळी शरीरातील काही रसांचे प्रमाण उतरलेले असते आणि श्वासनलिका दिवसातल्या सर्वांत अरुंद अवस्थेत असतात. छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अवघड जाते. विडीकाडीने किंवा चुलीच्या धुराने ज्यांच्या नलिका कायमच्या खराब झाल्या आहेत, त्यांना याच्या जोडीला सकाळी खोकल्याची उबळ येते व बेडका पडतो, आणि दिवसा जिना चढतानाही धाप लागते. येथे स्त्रियांची आठवण मुद्दाम ठेवली पाहिजे. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या आजीबाईंनी तीस-चाळीस वर्षे लाकूड, शेणी आणि रॉकेल यांच्या धुरात स्वयंपाक केलेला असतो. त्यांच्या फुप्फुसांनी तो धूर विसरलेला नसतो.

तिसरे कारण घशाचे. येथे साक्ष रोग्याची नसतेच, ती जोडीदाराची असते. मोठ्याने घोरणे चालू असते, मध्येच ते थांबते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ श्वासच नाही. आणि मग घशातून फुर्रकन आवाज काढून माणूस पुन्हा श्वास ओढतो. झोपेत घसा मिटतो, प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवून क्षणभर जाग आणतो. तासाला पाच वेळा किंवा त्याहून अधिक असे झाले, तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. काही माणसांत ते तीस-चाळीस वेळाही होते. रोगी शपथेवर सांगतो, की आपण रात्रभर झोपलो. परंतु सकाळी तोंडाला कोरड पडलेली असते, डोके दुखते, आणि दुपारी हातात वर्तमानपत्र घेऊन तो बसल्या बसल्या पेंगतो. लठ्ठ माणसांत हे अधिक आढळते, पण बारीक माणसांतही आढळते. आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांतही त्याचे प्रमाण वाढते. यावर हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली वापरून दाखविले. नाकावर बसवण्याच्या मुखवट्याचे ते यंत्र आता आपल्या शहरांतही मिळते.

चौथे कारण पोटाचे. उशिरा, भरपेट आणि तिखट जेवून लगेच आडवे झाले, की पोटातील आंबट रस वर चढतो. तो घशाशी आला म्हणजे ठसका लागतो, श्वास अडतो, छातीत जळजळते. याचा उपाय पुष्कळदा स्वयंपाकघरात आणि खाटेखाली सापडतो. जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवणे, आणि खाटेच्या डोक्याकडील दोन पायांखाली विटा घालून तो भाग सहा-आठ इंच उचलणे.

पाचवे कारण खुद्द धास्तीचे. कोणताही शारीरिक आजार नसताना माणूस झोपेतून घाबरून उठतो, छाती धडधडते, घाम फुटतो, हातापायांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, दहा मिनिटांत कहर होतो आणि अर्ध्या तासात बहुधा ओसरतो. हा विकार खरा आहे, ढोंग नव्हे. परंतु एक नियम लक्षात ठेवावा. ज्याला तरुणपणी असा त्रास कधी झाला नाही आणि साठीनंतर प्रथमच होऊ लागला, त्याच्याबाबत आधी हृदय, फुप्फुसे आणि रक्त तपासल्याशिवाय ‘हे मनाचे आहे’ असे कोणी म्हणू नये. रक्त कमी असणे किंवा गळ्यातील ग्रंथीचा बिघाड, एवढ्यानेही हीच लक्षणे होतात.

ही पाच कारणे मी वेगवेगळी मांडली ती समजण्याच्या सोयीसाठी. प्रत्यक्षात एका म्हाताऱ्या शरीरात दोन-तीन कारणे एकत्र नांदत असतात. म्हणून घड्याळ आणि बैठक ही दिशा दाखवितात. निकाल तपासणीनेच लागतो.

आता धास्ती धापेवर कशी स्वार होते, ते पाहू. श्वास कोंडला की भय वाटणे, हे निसर्गाने दिलेले संरक्षण आहे. ते नसते तर माणूस झोपेतच गेला असता. पण भयाने श्वास जलद होतो. ज्याच्या नलिका अरुंद आहेत, त्याला जलद श्वासात हवा पुरती बाहेर सोडता येत नाही. आधीची हवा छातीत अडकून राहते, छाती फुगते, आणि पुढचा श्वास घेण्यास जागाच उरत नाही. म्हणजे भयाने धाप खरोखरच वाढते. हा कल्पनेचा खेळ नव्हे. उलट, ज्याच्या नलिका मोकळ्या आहेत तो जलद श्वासाने कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर टाकतो. त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि या मुंग्याच मरणाची खूण समजून तो अधिक घाबरतो. अमेरिकेतील मनोवैद्य डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ साली असे प्रतिपादन केले, की काही माणसांत गुदमरल्याची सूचना देणारी मेंदूतील घंटा विनाकारणच वाजते. गिरणीचा भोंगा जसा आग नसताना वाजावा, तसे हे आहे. पण भोंगा वाजला म्हणजे आग आहे की नाही हे आधी पाहावेच लागते. ‘भोंगाच बिघडला आहे’ असे घरबसल्या ठरवून चालत नाही.

यानंतर तिसरी अवस्था येते. माणसाला रात्रीचेच भय वाटू लागते. सूर्य मावळला की तो अस्वस्थ होतो. अंथरूण नको वाटते. तो खुर्चीवर बसून राहतो, दोनदा चहा घेतो, कोणी सुचवले म्हणून झोपेची गोळी घेतो किंवा घोटभर दारू घेतो. दारू आणि झोपेच्या पुष्कळशा गोळ्या घसा अधिक ढिला करतात आणि श्वासाच्या केंद्राला अधिक गुंगी आणतात. म्हणजे ज्या कारणाने झोप मोडत होती तेच कारण बळावते. शिवाय गोळीच्या गुंगीत लघवीला उठताना म्हातारा माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडून घेतो, हे नुकसान वेगळेच.

चाळीत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. दहा फूट रुंद आणि दहा-बारा फूट लांब अशा खोलीत सहा-सात माणसे झोपतात. नातवाची परीक्षा आहे, सुनेला पहाटे पाचला कामावर जायचे आहे, हे म्हाताऱ्याला ठाऊक असते. म्हणून तो खोकला दाबतो, दिवा लावीत नाही, कोणाला हाक मारीत नाही. आवाज न करता बाहेर गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभा राहतो. त्याची धाप त्याच्या भिडेने झाकली जाते. एकट्याने सोसलेल्या अशा दहा रात्रींनी मनाची जी अवस्था होते, तिला ‘चिंता करण्याचा स्वभाव’ म्हणणे अन्यायाचे आहे.

कामगाराच्या बाबतीत तर शरीराचा जुना हिशेबही पाहावा लागतो. गिरणीत ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यांत कापसाची धूळ सर्वांत जास्त. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, हे त्या रोगाचे आरंभीचे लक्षण. म्हणून लँकेशायरात त्याला सोमवारच्या नावाने ओळखत. तेथील कामगारांची तपासणी करून रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकात या रोगाच्या पायऱ्या ठरवून दिल्या. आरंभी तो फक्त सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, पुढे आठवड्याच्या इतर दिवशीही, आणि शेवटी कायमचा. मुंबईत डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांची पाच वर्षे पाहणी करून तिचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध केले. कापसाच्या धुळीने होणारा हा विकार कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक रोग म्हणून नोंदला गेला.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मोठा संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि त्या खात्यांतले तरुण आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. गिरणी गेली, धूळ गेली, परंतु ज्यांच्या नलिकांना कायमची इजा झाली, त्यांची ती इजा त्यांच्याबरोबर गावी किंवा उपनगरात गेली. आजच्या डॉक्टरांना ते दिसते एक म्हातारे माणूस, पूर्वी विडी ओढणारे. ‘तुम्ही आयुष्यभर कोणते काम केले?’ हा प्रश्न विचारला गेला नाही, तर कारणाचा अर्धा भाग कागदावर येतच नाही. म्हणून तो प्रश्न डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे : कोणते खाते, किती वर्षे, किती पाळ्या. यंत्रमागावरचे, विड्या वळणारे, दगडखाणीतले, पिठाच्या गिरणीतले, सर्वांना हे लागू आहे.

एका प्रकरणाने हे स्पष्ट होईल. कार्डिंग खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नी वारल्यापासून रोज रात्री उठून दाराशी बसत. घरच्यांनी धरले, की दुःखाने झोप उडाली. एका दवाखान्यात झोपेची गोळी मिळाली. तिने त्रास वाढला. त्यांचा नातू शाळेत शिकत होता. त्याला आम्ही एक वही आखून दिली आणि पंधरा दिवस नोंद ठेवावयास सांगितली. वहीत काय निघाले? बाबा रोज झोपल्यापासून दीड-दोन तासांनी उठतात; उशा तीन; पाय खाली सोडून बसले की वीस मिनिटांनी बरे वाटते; घोट्यांवर सूज. ती वही पाहिल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी एक शब्दही अधिक न विचारता हृदयाची तपासणी करवून घेतली. हृदय दमलेले निघाले. औषध सुरू झाले, मीठ कमी झाले, आणि काही आठवड्यांनी ते एका उशीवर झोपू लागले.

पण गोष्ट येथे संपली नाही, आणि माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने तिचा पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. धाप गेली, तरी धास्ती गेली नाही. श्वास ठीक असतानाही ते रात्री दाराशी येऊन बसत; अंथरुणाला पाठ टेकवण्याचे भय उरलेच होते. आणि पत्नी गेल्याचे दुःखही खरेच होते. ते कोणी खोटे म्हटले नव्हते. त्यासाठी निराळा उपाय करावा लागला. मुलाने काही दिवस शेजारी अंथरूण घातले, डॉक्टरांनी मनाच्या वैद्याकडे पाठविले, श्वासाचा व्यायाम शिकविला. तेव्हा कोठे तीन-चार महिन्यांनी रात्र शांत झाली. आधी धाप, मग धास्ती. पण दोहोंचीही दाद लागलीच पाहिजे.

युनियनच्या कामात पहिल्या वर्षीच एक धडा मिळतो. ‘जॉबर त्रास देतो’ ही तक्रार नव्हे. अमुक तारखेला, अमुक पाळीत, अमुक साच्यावर, अमुक माणसासमोर काय घडले, हे लिहिले म्हणजे ती तक्रार होते. मग ती सहजासहजी उडवून लावता येत नाही. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. बाहेर साठ माणसे बसलेली असतात. त्यांच्यापुढे ‘जीव घाबरतो’ हे दोन शब्द ठेवले तर ते घाबरण्याचेच औषध देतील, यात त्यांचा फारसा दोष नाही. म्हणून वही ठेवावी. तिच्यात सात गोष्टी लिहाव्यात : तारीख, किती वाजता जाग आली, झोपल्यापासून किती वेळाने, कोणत्या बैठकीत बरे वाटले, किती वेळात बरे वाटले, शिट्टी, खोकला, आंबट पाणी, घोरणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काय होते, आणि रात्री काय खाल्ले व कोणत्या गोळ्या घेतल्या. सकाळचे वजन लिहिता आले तर उत्तम. आणि पाहणाऱ्याचे म्हणणे वेगळ्या रकान्यात लिहावे; कारण झोपलेल्या माणसाला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही.

सर्व गोळ्या एका पिशवीत घालून दवाखान्यात न्याव्यात. सांधेदुखीच्या काही गोळ्यांनी अंगात पाणी साठते. रक्तदाबाच्या काही गोळ्या दमेकऱ्याला मानवत नाहीत. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी घेतल्याने रात्र जागण्यात जाते. मात्र हे ऐकून कोणी मनानेच गोळी बंद करू नये. गोळी बदलण्याचे काम डॉक्टरांचे. छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, रक्ताची तपासणी आणि नळीत जोराने फुंकून घ्यावयाची फुप्फुसाची चाचणी, एवढ्याने बहुतेक प्रकरणांत मार्ग दिसतो.

प्रत्यक्ष रात्री झटका आला तर घरच्यांनी काय करावे? माणसाला आडवे करू नये. बसते करावे, पाय खाली सोडू द्यावेत, पुढे टेबल किंवा उशांचा ढीग ठेवून त्यावर हात टेकू द्यावेत. गर्दी करू नये, पण एकटेही सोडू नये. खिडकी उघडावी, डासांची कांडी, उदबत्ती, धूप विझवावा. तोंडात पाणी किंवा दारू ओतू नये. डॉक्टरांनी फवाऱ्याचे औषध दिलेले असेल तर सांगितल्याप्रमाणे द्यावे. नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि दिवा विझवताना फुंकर घालतो तसे ओठ आवळून, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. समोरच्या माणसाने स्वतः तसे करून दाखवावे. ‘घाबरू नका’ असे दहा वेळा सांगण्यापेक्षा पाठीवर हात ठेवून त्याच्याबरोबर दहा श्वास मोजणे अधिक गुणकारी होते.

आणि काही खुणा अशा आहेत, की त्या दिसताच वही बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. ओठ किंवा नखे निळसर होणे; एक वाक्यही पुरते बोलता न येणे; छातीत दुखून कळ हातात किंवा जबड्यात जाणे; गुलाबी फेसाळ थुंकी पडणे; बोलण्यात भ्रम होणे; किंवा बसल्यावरही उतार न पडणे. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तो क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. मनाची घालमेल बोलण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६.

खर्चाचा प्रश्न उरतोच. कामगार राज्य विमा योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. या योजनेत पाच वर्षे राहून नियत वयाला निवृत्त झालेल्या कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला नाममात्र वर्गणी भरून वैद्यकीय उपचार चालू ठेवता येतात, ही तरतूद पुष्कळांना माहीतच नसते. निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ देताना या तरतुदीचा अर्जही हातात दिला, तर त्या सत्काराला अर्थ येईल.

शेवटी वृद्धांना आणि त्यांच्या घरच्यांना एकेक गोष्ट सांगतो. वडीलधाऱ्यांनो, रात्री हाक मारणे हा कोणाचा अपराध नव्हे. ज्या घरासाठी आयुष्यभर रातपाळ्या केल्या, त्या घराची एक झोप मोडण्याचा हक्क तुम्ही केव्हाच कमावला आहे. आणि तरुणांनो, घरातले म्हातारे माणूस रात्री उठून बसलेले दिसले, तर ‘झोपा आता’ एवढे बोलून कूस बदलू नका. तीन प्रश्न विचारा : केव्हा जाग आली, कसे बसल्याने बरे वाटते, आणि किती उशा लागतात? उत्तरे लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. ‘वय झाले’ हे निदान नव्हे. वय सर्वांचेच होते. श्वास कोंडण्याला मात्र कारण असते, आणि कारण सापडले तर पुष्कळदा उपायही सापडतो.